काचेवरची शीट

मी आयुष्यात बरंच खोटं बोललो आहे. त्यातलं बहुतेक विसरलो. एक मात्र राहिलं, आणि ते फक्त एका शब्दाचं होतं. वर्कशॉपच्या दारात मास्तरांनी विचारलं, "पाह्यलं काय?" आणि मी छातीठोकपणे म्हणालो, "हो."

तेव्हा मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आज त्याच कॉलेजात शिकवतो. नोकरी लागली तेव्हा घरी सांगितलं होतं, दोनेक वर्षं शिकवतो, मग एखाद्या चांगल्या कारखान्यात जातो. ती दोन वर्षं अजून चालू आहेत. मधल्या काळात केस गेले, पोट आलं, आणि कारखाना काही आला नाही. माझ्या हातचा एक साधा बोल्टसुद्धा कधी यवतमाळ जिल्ह्याच्या बाहेर गेला नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. त्यांना मी उद्योगांच्या अपेक्षा शिकवतो.

मास्तर म्हणजे आमच्या वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर. हुद्द्याने शिपायाच्या जरासे वर आणि प्राध्यापकांच्या बरेच खाली. मूळचे दारव्ह्याचे. तरुणपणी तिथल्याच एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. डिग्री नव्हती म्हणून त्यांना वर्गातल्या फळ्यावर लिहायला कुणी बोलावलं नाही. पण लोखंड कापायचा लेथ चालू असला की हॉलच्या दुसऱ्या टोकाहून, पाठ करून उभे असतानाच ओरडायचे, "कोन हाये रे तिकडं? टूल बोथट झालं, काढ ते!" आणि टूल खरंच बोथट झालेलं असायचं. आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. प्राध्यापकांना मात्र आम्ही घाबरायचो, कारण मार्क त्यांच्या हातात होते.

दुसऱ्या वर्षाला मशीन ड्रॉइंगची एक शीट असायची, फ्लँज कपलिंगची. दोन लोखंडी चकत्या, एकेका दांड्याच्या टोकावर बसवलेल्या आणि बोल्टांनी एकमेकींना आवळलेल्या. एक दांडा फिरला की दुसरा फिरतो, एवढीच गंमत. नमुना म्हणून मास्तरांनी दारव्ह्याच्या जिनिंगमधून भंगारात निघालेली एक जुनी कपलिंग आणून वर्कशॉपच्या खिडकीशेजारच्या फळीवर ठेवली होती.

"हे पाहून काढायची शीट," त्यांनी सांगितलं. "हात लावा, मोजा, मंग काढा. पुस्तकातलं काढान त ते पुस्तकाची शीट होते, तुमची नाई."

आम्ही माना डोलावल्या आणि होस्टेलवर गेलो.

होस्टेलवर शीट काढायची आमची स्वतःची रीत होती. एकाने शीट काढायची. बाकीच्यांनी ती काचेवर ठेवायची, खाली दिवा लावायचा, वर कोरा कागद पसरायचा आणि खालची प्रत्येक रेघ गिरवायची. त्या काळात भारनियमन असं होतं की दिवसा वीज आली तर लोक दचकायचे. मग आमच्यातल्या एकाने खिडकीची काच काढून दोन खुर्च्यांवर आडवी टाकली, खाली दाढीचा आरसा तिरपा लावला आणि दारातून येणारं ऊन त्यावर घेतलं. काच अशी उजळली की बल्बची आठवणही राहिली नाही. ऊन सरकलं की एकाने आरसा फिरवायचा. किती वेळाने किती फिरवायचा, याचं गणितसुद्धा आम्ही बसवलं होतं. चार वर्षांत आम्ही डोकं लावून केलेलं खरंखुरं इंजिनिअरिंग एवढंच, आणि तेही नक्कल मारण्यासाठी. तरी त्या खोलीची मला आठवण येते. कागदाखालून येणारा तो पांढरा उजेड, गुडघ्यांवर बसलेले आम्ही चौघेपाचजण, आणि बाहेर कडुलिंबाखाली नंबर लावून उभे असलेले बाकीचे.

मूळ शीट माझी असायची, कारण माझी रेघ चांगली होती. कपलिंगची शीट मी एका दुपारी जेवण झाल्यावर काढायला घेतली. वर्कशॉप होस्टेलपासून दोनशे पावलांवर असेल. ऊन रणरणतं होतं, डोळे जड झाले होते, आणि पुस्तक उशाशीच होतं. मी गेलो नाही. पुस्तकातल्या चकतीला बोल्टांची चार भोकं होती, मी चार काढली. शेवटच्या मापाची रेघ ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं आणि रेघेला एक बारीकशी शेपटी फुटली. खोडलं तर कागद खराब होईल म्हणून ती तशीच ठेवली. अख्ख्या वर्गाने ती शीट गिरवली, शेपटीसकट.

सबमिशनच्या दिवशी मास्तर दारात स्टूल टाकून बसले. प्रत्येकाची शीट हातात घ्यायचे, बघायचे, आणि एकच प्रश्न विचारायचे, "पाह्यलं काय?" प्रत्येक जण हो म्हणायचा. माझी शीट त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवली.

"रेघ चांगली हाये तुही," ते म्हणाले. मग विचारलं, "पाह्यलं काय?"

"हो, मास्तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. बस, इतकंच झालं.

पुढे मी तिथेच शिकवायला लागलो. पहिल्याच दिवशी मास्तर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "नमस्कार सर."

मी म्हटलं, "मास्तर, मले कायले सर म्हणता?"

ते नुसते हसले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला एकदाही तू म्हटलं नाही. चहा आम्ही रोज बरोबर प्यायचो. त्यांच्या शर्टाला लेथच्या तेलाचा वास यायचा आणि माझ्या शर्टाला इस्त्रीचा. ते मला विचारायचे, "सर, तब्येत बरी हाये ना तुमची?" आणि मला आत कुठेतरी फार एकटं वाटायचं. मला ते जुनं 'तू' हवं होतं. मागायची हिंमत कधी झाली नाही.

माझी शीट मात्र सुखात होती. दर वर्षीची पोरं मागच्या वर्षीच्या पोरांची गिरवत होती आणि तपासायला बसलं की माझी शेपटी मला भेटायची. मग कॉम्प्युटर आले. कुण्या कष्टाळू मुलाने ती शीट मन लावून कॉम्प्युटरवर चढवली, आणि शेपटीही चढवली. नुसती चढवली नाही, तिला नीट माप दिलं. आता ती फाईल ग्रुपवर फिरते, खालचं नाव तेवढं बदलतं. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या व्हायच्या. दुसरं काही नाही तरी आपली एक रेघ अजून जिवंत आहे, असं वाटायचं. मी गालात हसून सही करायचो.

मास्तर निवृत्त होऊन दारव्ह्याला गेले. वर्कशॉपच्या मध्ये प्लायवूडची भिंत आली आणि अर्ध्या भागात कॉम्प्युटर लॅब झाली. मेकॅनिकलला मुलं कमी यायला लागली. सगळ्यांना कॉम्प्युटरच हवा असतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. प्रवेशद्वारावर 'उद्याच्या उद्योगासाठी आजच सज्ज' असा फ्लेक्स लागला. त्याच सुमारास पुण्याच्या एका कारखान्याचे साहेब मुलाखती घ्यायला आले. साधा माणूस होता. त्याने बॅगेतून एक लोखंडी तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि मुलांना म्हणाला, याचं चित्र काढा. बाजूला माप घ्यायचा व्हर्निअरही ठेवला होता. एकानेही तो उचलला नाही. दोघांनी त्या तुकड्याचा फोटो काढला. साहेब चहा पिऊन गेले, आणि जाताना मला म्हणाले, "सर, मार्क चांगले आहेत हो मुलांचे." त्या दिवशी मला पोरांचा राग आला. माझा स्वतःचा यायला अजून वेळ होता.

यंदा दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे, मुकुटबनकडची. मागच्या बाकावर बसते, वर्गात सहसा तोंड उघडत नाही. तिची शीट माझ्यासमोर आली तेव्हा मी तपासून तपासून वैतागलो होतो. चकतीला पाच भोकं! आणि माझी शेपटी गायब. मी लाल पेनने त्या पाचही भोकांभोवती एक मोठा गोल केला आणि शेजारी झोकात लिहिलं, 'नीट पाहून काढत जा.'

तिने तो शेरा वाचला. जागेवर गेली नाही.

"सर, पाचच हायेत."

"पुस्तकात बघ."

"पुस्तकात चार हायेत, सर. फळीवरच्यात पाच हायेत."

"कुठल्या फळीवर?"

मला खरंच आठवलं नाही. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये रोज जाऊनही आठवलं नाही. माझ्या कपाळावरच्या आठ्या पाहून ती घाबरली असावी. शीटची गुंडाळी करत म्हणाली, "जाऊ द्या सर. ग्रुपवर फाईल हाये ना, मी तेच काढतो. उद्या आनून देतो."

आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. तिने माझी शीट गिरवली असती, मी सही केली असती, आणि त्या पोरीने पुन्हा कधी कशाला हात लावून पाहिलं नसतं. हे माझ्या डोळ्यांसमोर लख्ख आलं, कारण मी स्वतः तसाच झालो होतो. मला भीती वाटली. मी उठलो आणि म्हणालो, "चल, दाखव."

प्लायवूडच्या भिंतीमागे, भंगारात काढायच्या सामानाच्या ढिगाजवळ ती फळी अजून होती. कपलिंगवर गंज चढला होता, पण एका बाजूने कुणीतरी ती नुकतीच फडक्याने पुसली होती. मुलीने दोन्ही हातांनी ती उचलून माझ्यासमोर धरली आणि एकेका भोकात बोट घालत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. चार भोकं काढायला सोपी, काटकोनात बसतात. पाचांसाठी बहात्तर बहात्तर अंश मोजावे लागतात, आणि ते तिने बरोबर मोजले होते.

"तुला कुणी सांगितलं हे पाहायला?"

"शीट काढायची होती ना, सर," ती म्हणाली. माझा प्रश्नच तिला कळला नव्हता. मग जरा धीर करून पुढे बोलली, "घरी फवारनीचा पंप मीच खोलतो. पाह्यल्याबिगर वायसर बसतच नाही सर त्याचं."

मी तिथल्या बाकावर बसलो. मास्तरांनी आणलेल्या कपलिंगला पाच भोकं होती. पुस्तकातल्या कपलिंगला चार. म्हणजे पहिल्याच सबमिशनच्या दिवशी, माझी शीट हातात धरल्या धरल्या, त्यांना कळलं होतं. मग सगळ्यांच्या शीटा पाहताना कळत गेलं. त्यानंतर दर वर्षी कळत होतं. एवढी वर्षं ते माझ्यासमोर बसून चहा पीत होते, मी सह्या करत होतो, आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. लाजेने माझे कान गरम झाले. पण लाजेपेक्षा जास्त होती ती ओढ. मला त्या क्षणी दुसऱ्या वर्षाला असायचं होतं. उन्हात ती दोनशे पावलं चालायची होती. दारातल्या स्टुलावर मास्तर असायला हवे होते, आणि त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा एकदा विचारायला हवा होता. यावेळी मी खरं बोललो असतो.

मुलीच्या शीटवरचा माझा शेरा मी खोडला आणि पूर्ण मार्क दिले. शेरा लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी विभागप्रमुखांकडे गेलो. म्हटलं, कपलिंगची शीट बंद करू. प्रत्येक मुलाने आपल्या गावाहून एक मोडका भाग आणायचा, तो मोजायचा, त्याची शीट काढायची आणि तो का मोडला ते लिहायचं. प्रत्येकाचा तुकडा वेगळा, मग गिरवणार कुणाचं? विभागप्रमुख भले माणूस आहेत, पण फॉर्मच्या ओझ्याखाली वाकलेले. त्यांनी विचारलं, "हे आउटकमच्या कोणत्या रकान्यात बसवायचं?" मी म्हणालो, कोणत्याही बसवा, बसलं नाही तर कानशीने घासून बसवू. ते हसले आणि एका सत्रापुरती परवानगी दिली. महागावच्या एका मुलाने सोयाबीनच्या मळणी यंत्राची तडकलेली पुली आणली. कुणी पाण्याच्या मोटारीचा पंखा आणला, कुणी दुचाकीचा ब्रेक. पहिल्या दिवशी वर्गात निम्म्यांना आपण व्हर्निअर उलटा धरला आहे हेही समजलं नाही, आणि एकाचं माप वाचताना मीच चुकलो. पोरं खदखदून हसली. फार वर्षांनी त्या हॉलमध्ये कुणीतरी हसत होतं.

मग एका रविवारी मी ती कपलिंग पिशवीत घातली, मुलीची शीट तिच्या परवानगीने बरोबर घेतली, आणि काळीपिवळीत बसून दारव्ह्याला गेलो. त्या दिवशी तिथला बाजार होता, त्यामुळे जीपमध्ये माझ्या मांडीवर माझी पिशवी आणि तिच्यावर शेजारच्या काकूंची मेथीची जुडी होती. "काय भरलं हो यात, गोटे?" काकूंनी विचारलं. लोखंड आहे म्हटल्यावर त्यांनी जुडी उचलून घेतली.

मास्तर ओसरीत खुर्चीवर बसले होते. फार वाळले होते. डोळ्यांना आता जवळजवळ काहीच दिसत नाही, असं त्यांच्या सुनेने दारातच सांगितलं. मी पाया पडलो. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"या सर, या. आज काहून येनं केलं?"

मी पिशवीतून कपलिंग काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. लोखंडाला हात लागला तसे ते ताठ बसले. दोन्ही तळवे त्यांनी चकतीवरून फिरवले, आणि मग एकेका भोकात बोट घालत गेले. त्यांना मोजायची गरज नव्हती, तरी मोजली. पाच झाल्यावर थांबले.

"कोनं मोजली?"

"एका पोरीनं. दुसऱ्या वर्षाची हाये. मुकुटबनकडची." मी तिची शीट उघडली, आणि त्यांना दिसत नाही हे आठवून पुन्हा मिटली. "पाचच काढली तिनं. मी चूक म्हणून लाल गोल केला होता."

मास्तर हसले. अगदी आवाज न करता, खांदे हलवत. सून आतून चहा घेऊन आली तेव्हाही त्यांचं हसू चालूच होतं.

"मास्तर, तुमाले पयल्या दिवसापासून मालूम होतं," मी म्हणालो. कितीतरी वर्षांनी मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलत होतो. "मंग सांगतलं काहून नाही? एकदा बोलले असते तरी झालं असतं."

"सांगतलं असतं त साऱ्यायनं पाच काढली असती," ते म्हणाले. "पाह्यलं कोनं असतं?"

बाहेरून बाजारातल्या माणसांचा गलका येत होता. मी चहाचा कप हातात धरून बसलो आणि जे सांगायला आलो होतो ते मनात जुळवत राहिलो. मास्तर अजून कपलिंग चाचपत होते. त्यांचं बोट मधल्या मोठ्या छिद्राच्या काठावर गेलं, जिथे दांडा अडकवायची खाच असते, आणि तिथे रेंगाळलं.

"हे खाच एका आंगानं झिजली हाये," ते म्हणाले. "जिकडून जोर लागते तिकडून झिजते. त्याच्यावरून समजते, हे कोन्या बाजूनं फिरे ते. तीस वर्षं फिरलं हे, एकाच बाजूनं." त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली. "ते पाह्यलं काय?"

माझ्या तोंडात हो आलंच होतं. सवयच ती. मी कप खाली ठेवला.

"नाही, मास्तर," मी म्हणालो. "नाही पाह्यलं. तवाही नव्हतं पाह्यलं."

मग त्यांनी ती कपलिंग दोन्ही हातांनी उचलली, अंदाजाने माझे हात शोधले, आणि तिचं सगळं वजन माझ्या ओंजळीत दिलं.

"मंग पाह्य आता," ते म्हणाले. "तू पाह्य."